दगडी पूल बुडण्यापूर्वी

पंढरपुरात पुराची वार्ता कोणी आकड्यांत विचारीत नाही. ‘दगडी पूल बुडाला का?’ एवढाच प्रश्न घाटावर, पेठेत आणि मठामठांतून फिरतो. आणि त्याचे उत्तर होकारार्थी आले, की नदीकाठच्या व्यासनारायण वसाहतीतील माणसे भांडीकुंडी आवरू लागतात. भीमेने वाळवंटातील पुंडलिकाच्या देवळाला वेढा दिला, मग पूल पाण्याखाली गेला, मग घाटाच्या अमुक पायरीला पाणी लागले, अशा खुणांची एक परंपरागत मोजपट्टी त्या गावाच्या मनात कोरलेली आहे. आणि तिचे मोठेपण असे, की घर सोडावे की न सोडावे या प्रश्नाचा निकाल पिढ्यान्‌पिढ्या आधीच लागून राहिलेला असल्यामुळे, तो ऐन मध्यरात्री एकाच घाबरलेल्या माणसाने लावावा अशी वेळ सहसा येत नाही. रुग्णालयांच्या बाबतीत मात्र अशी खूण आपण क्वचितच ठरवून ठेवतो. ती कशी ठरवावी, आणि ठरविल्यावर पुढची तजवीज कशी करावी, याविषयी सोलापूर जिल्ह्यातील लहानमोठ्या इस्पितळांचे चालक, तेथील परिचारिका आणि ज्यांचे आप्त खाटेला खिळले आहेत अशी कुटुंबे, या सर्वांशी मला मनापासून चार शब्द बोलावयाचे आहेत.

सोलापुरास वादळाची भीती कसली, अशी शंका प्रथम घेतली जाईल. समुद्र येथून सरळ रेषेतही अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर, जिल्हा पर्जन्यछायेतला, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा. परंतु 13 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी सहाशेहून अधिक किलोमीटर अंतरावरील काकीनाडाजवळ बंगालच्या उपसागरातून जमिनीवर चढलेली प्रणाली तेलंगण ओलांडून दुसऱ्या दिवशी आपल्या माथ्यावर आली, तेव्हा जिल्ह्यात पावसाने कहर केला, उजनी धरणातून दोन लाख क्युसेकांहून अधिक विसर्ग भीमेत सोडावा लागला, आणि पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसे प्राणास मुकली. या प्रणालीला नावसुद्धा मिळाले नव्हते. वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरांच्या पुढे गेला म्हणजे हवामान खाते तिला चक्रीवादळ म्हणते व तिचे नामकरण होते. ही त्या पायरीच्या आतच, ‘अतितीव्र न्यूनदाबाचा पट्टा’ एवढ्याच बिरुदावर राहिली. अटलांटिकच्या किनाऱ्यावर ज्याला हरिकेन म्हणतात, त्याचे आणि आपल्या चक्रीवादळाचे कुळ एकच; पण किनाऱ्यावर जे वाऱ्याने मोडते ते आमच्या पठारावर पाण्याने बुडते, एवढा भेद ध्यानी धरला म्हणजे आपली तयारी कोणत्या दिशेने करावयाची हे स्पष्ट होते.

पाणी रुग्णालयात शिरते ते बहुधा प्रथम रुग्णांपर्यंत जात नाही; ते विजेपर्यंत जाते. 2015 च्या डिसेंबरात चेन्नईत अड्यार नदी फुगली तेव्हा एका मोठ्या खासगी रुग्णालयातील जनित्र पाण्याने बंद पडले, आणि दोन-तीन दिवसांत तेथे अठरा रुग्ण दगावल्याचे वृत्त देशभर गेले. आपल्या चिपळुणात 22 जुलै 2021 च्या पुरात एका कोविड रुग्णालयाची वीज गेली, आणि ऑक्सिजनवर व कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्यांसह आठ जणांच्या मृत्यूची बातमी आली. न्यूयॉर्कसारख्या धनाढ्य नगरीतही, 29 ऑक्टोबर 2012 च्या सँडी वादळात, बेलव्ह्यू या सरकारी रुग्णालयाची जनित्रे तेराव्या मजल्यावर सुरक्षित होती. परंतु त्यांना इंधन चढविणारे पंप मात्र तळघरातच राहिले होते, ते बुडाले, आणि सेवकवर्गाने व जवानांनी जिन्यावर रांग लावून डिझेलच्या बादल्या हातोहात तेरा मजले वर पोहोचविल्या. म्हणून जनित्र उंचावर बसविले एवढ्याने समाधान मानू नये. त्याचे इंधन कोठून येते, त्याची कळ कोठे आहे, मुख्य विद्युत्‌फलक कोणत्या पातळीवर आहे, ऑक्सिजनची मध्यवर्ती वाहिनी कोणत्या खोलीतून निघते आणि पिण्याच्या पाण्याची मोटर कोठे बसविली आहे, हे सर्व स्वतःच्या पायांनी हिंडून पाहावे.

आपल्याच जिल्ह्यातील एका खासगी इस्पितळात काही वर्षांपूर्वी एका आप्ताच्या शुश्रूषेसाठी माझे जाणे-येणे होते. तळघरात वाहने, त्यांच्या मागे जुन्या केसपेपरांचे गठ्ठे आणि भिंतीला लागून विजेचा फलक. तेथील वृद्ध पहारेकऱ्याने मला त्या भिंतीवर गुडघ्याइतक्या उंचीची मातकट रेघ दाखविली. आदल्या पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी उतारावरून आत आले होते, त्याची ती खूण. फलक तिच्यापासून वीतभरच वर होता. पुढे दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा तळघराला नवा पांढरा रंग दिलेला होता आणि ती रेघ नाहीशी झाली होती. फलक होता तेथेच होता. मला आजही त्या रंगाचे फार वाईट वाटते, कारण त्या रेघेने जे फुकट सांगितले होते ते पुन्हा समजण्यास कोणाचा तरी जीव खर्ची पडावा लागेल. ज्यांच्या भिंतीवर अशी रेघ असेल त्यांनी तिच्यावर तैलरंगाने तारीख लिहून ठेवावी. आणि फलक, इंधन, ऑक्सिजन, औषधांचे शीतकपाट व सर्पदंशावरील लस या पाच गोष्टी तिच्यापेक्षा निदान पुरुषभर उंच नेल्याखेरीज अन्य कोणत्याही सुशोभनावर रुपया खर्च करू नये. पूर ओसरताना साप कोरड्या जागी येतात, दंशाचे रुग्णही त्याच दिवसांत येतात, आणि नेमकी तेव्हाच ती लस तळमजल्यावर भिजून गेलेली असते.

आता खुणांविषयी. प्रत्येक रुग्णालयाने शांततेच्या काळात तीन खुणा ठरवून, लिहून, प्रमुखांच्या स्वाक्षरीनिशी परिचारिकांच्या मेजावर लावाव्यात. हवामान खात्याचा नारिंगी इशारा किंवा धरणातून विसर्ग वाढविल्याची तहसीलदारांची सूचना ही पहिली: या खुणेवर नवीन ठरीव शस्त्रक्रिया थांबतात, इंधनाची टाकी भरली जाते, जे घरी जाण्याजोगे आहेत त्यांना घराची वाट मोकळी आहे असे पाहून रजा मिळते. दुसरी खूण गावाच्या भूगोलातून घ्यावी. पंढरपूरकरांनी दगडी पुलाची घ्यावी, सीना नदीच्या काठच्यांनी आपापल्या पुलाच्या कठड्याची घ्यावी, सोलापूर शहराच्या उत्तरेस राहणाऱ्यांनी हिप्परग्याच्या तलावाच्या सांडव्याची घ्यावी. ती खूण झाली, की ज्यांचे जीवन यंत्रावर अवलंबून आहे असे रुग्ण रस्ते कोरडे असतानाच बाहेर पडले पाहिजेत. तिसरी खूण रुग्णालयाच्या फाटकातली: पाणी या पायरीला टेकले, की तळमजल्यावरचा शेवटचा रुग्ण वर गेलेला असावा. आणि या तिन्ही खुणांवर कृती करण्याचा अधिकार, त्या रात्री पाळीवर जो डॉक्टर असेल त्याला, त्याच कागदावर लेखी दिलेला असावा. मालक फोन उचलीत नाहीत, अधीक्षक बैठकीत आहेत, कलेक्टर कचेरीचा हुकूम यावयाचा आहे, अशा प्रतीक्षेत जी दोन घटका जातात त्यांतच रस्ता बंद होतो.

वेळेत हलविणे म्हणजे काय, याचा एक नमुना आपल्या राज्यातच आहे. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते हे चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेस सरकत असताना, मुंबई महापालिकेने वांद्रे-कुर्ला संकुल, दहिसर आणि मुलुंड येथील मोठमोठ्या तात्पुरत्या कोविड केंद्रांतील 580 रुग्ण इतर रुग्णालयांत हलविले. वादळाचा खरा तडाखा 17 मे रोजी बसला, कुलाब्यास वाऱ्याचा झोत ताशी शंभर किलोमीटरांच्या पुढे गेला. आणि रुग्ण त्यापूर्वीच पक्क्या छपराखाली पोहोचले होते. वादळाची वाट वाकडी झाली असती तर ‘उगाच हलविले’ असा बोल लागला असता. तो बोल सोसण्याची तयारी ठेवणे हा रुग्णालय-प्रमुखाच्या कर्तव्याचाच भाग आहे असे मी मानतो.

तथापि प्रत्येक रुग्णास गावाबाहेर नेणे म्हणजे सुरक्षितता, अशी समजूत करून घेऊ नये. अत्यवस्थ माणसाला खाटेवरून उतरविणे, जिना, रुग्णवाहिका, खड्डे, पुन्हा जिना, या प्रवासातच त्याचे प्राण जाण्याचा संभव असतो. इमारत भक्कम असेल, वरच्या मजल्यावर वीज, ऑक्सिजन आणि पाणी तीन दिवस पुरेल अशी व्यवस्था असेल, तर वर चढविणे हेच बहुधा श्रेयस्कर. या हिशेबात एक वर्ग अपवाद आहे, तो डायलिसिसच्या रुग्णांचा. त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा यंत्राची गरज असते, त्या यंत्राला शुद्ध पाणी मोठ्या प्रमाणात लागते, आणि दोन पाळ्या चुकल्या की रक्तातील पोटॅशियम प्राणघातक होऊ शकते. म्हणून पहिल्या खुणेवरच त्यांची पाळी अलीकडे ओढून घ्यावी आणि पुढच्या पाळीसाठी दुसऱ्या गावच्या केंद्राशी नावानिशी बोलून ठेवावे. दिवस भरलेल्या गर्भवतींचे तेच. ओडिशात वादळाची सूचना येताच प्रसूती जवळ आलेल्या स्त्रियांना आधीच रुग्णालयांत आणून ठेवण्याचा शिरस्ता पडला आहे. सीना-भीमेच्या काठच्या आशाताईंपाशी अशा स्त्रियांची नावे असतातच, त्यांची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे फक्त वेळेवर पोहोचली पाहिजे.

कोणाला आधी न्यावयाचे, हा सर्वांत कठीण प्रश्न. हाताशी दिवसभराचा अवधी असेल तर ज्यांना सर्वाधिक साह्य लागते ते आधी, कारण त्यांच्यासाठीच उत्तम वाहन, उत्तम डॉक्टर आणि उजेड हवा असतो. पाणी दारात असेल तर क्रम उलटतो: जे चालू शकतात त्यांना प्रथम वर काढावे, म्हणजे जिना मोकळा होतो आणि धडधाकट हात उचलण्यासाठी परत खाली येतात. हे दोन्ही क्रम आधी समजून घेतलेले नसले म्हणजे काय घडते, हे 2005 च्या ऑगस्टअखेर कॅट्रिना वादळात न्यू ऑर्लीन्सच्या मेमोरियल रुग्णालयाने पाहिले. वीज गेली, उष्म्याने माणसे तळमळू लागली, आणि ज्यांच्या कागदावर ‘हृदय थांबल्यास पुनरुज्जीवनाचा यत्न करू नये’ असा शेरा होता त्यांना सर्वांत शेवटी ठेवण्यात आले. त्या शेऱ्याचा अर्थ ‘यांना वाचवू नका’ असा कधीच नव्हता. पाणी ओसरल्यावर त्या वास्तूत पंचेचाळीस मृतदेह मिळाले. वृद्ध, असाध्य, बेवारस अशा रुग्णांच्या नावापुढे कोणत्या वाहनातून, कोणाच्या हवाली, हे यादीत लिहिलेले असावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कारण ज्याच्यापाशी ओरडणारा नातेवाईक नाही, तोच गोंधळात मागे राहतो.

उचलण्याची विद्या हातांना यावी लागते. स्ट्रेचर दोन आणि रुग्ण चाळीस, ही आपल्याकडील नेहमीची स्थिती. पण सोलापुरात जे घरोघरी आहे ते स्ट्रेचरची उणीव पुष्कळ अंशी भरून काढते. जाड सुताची, घट्ट विणीची सोलापुरी चादर दुहेरी करून खाटेवर अंथरावी, रुग्णास कुशीवर वळवून तिच्या मध्यभागी घ्यावे, आणि दोन्ही बाजूंच्या कडा रुग्णाच्या अंगापर्यंत घट्ट गुंडाळीत आणाव्यात. त्या गुंडाळीवर, रुग्णाच्या खांद्याशी, कमरेशी व गुडघ्याशी, दोहो बाजूंनी तीन-तीन माणसांनी मूठ आवळावी. आज्ञा एकानेच द्यावी, आणि ती डोक्यापाशी असलेल्याने. जिना उतरताना पाय पुढे, चढताना डोके पुढे, म्हणजे मस्तक नेहमी वरच्या बाजूस राहते. उचलण्यापूर्वी लघवीची पिशवी रिकामी करून ती रुग्णाच्या कमरेच्या खालच्या पातळीवर बांधावी. सलाइन शक्य असेल तर तात्पुरते बंद करून नळी सुरक्षित करावी. पाठीच्या कण्यास दुखापत असेल त्याला मात्र चादरीवर घेऊ नये. त्याला सपाट फळीच हवी. कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र सुटले, तर हाताने श्वास देण्याची अंबूची पिशवी प्रौढास दर सहा सेकंदांना एकदा, छाती उचलली जाईल इतपतच दाबावी. घाबरलेला हात ती फार भराभर दाबतो, म्हणून शेजारी दुसऱ्याने मोठ्याने मोजीत राहावे आणि थोड्या थोड्या वेळाने हात बदलावा. सँडी वादळाच्या रात्री न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या एका रुग्णालयातील परिचारिकांनी नवजात बालके छातीशी धरून, हातांनी श्वास देत, अंधारात नऊ मजले खाली उतरविली. या सर्व उचलण्याचा सराव वर्षातून दोनदा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री दिवे मालवून करावा. सरावात रुग्णाच्या जागी सेवकांपैकीच कोणी निजावे, म्हणजे जिन्याच्या वळणावर पोटात गोळा येणे म्हणजे काय ते सर्वांना कळेल.

ऑक्सिजनचा हिशेब प्रस्थानापूर्वी कागदावर करावा. मोठ्या जंबो नळकांड्यात सुमारे सात हजार लिटर वायू असतो. मिनिटाला दहा लिटर लागत असेल तर तो साडेअकरा तासांच्या आसपास पुरतो. रुग्णवाहिकेतील लहान नळकांडे पंधराशे लिटरचे असले तर त्याच वेगाने अडीच तासांत संपते. नेहमीच्या प्रवासास जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वायू बरोबर असल्याखेरीज वाहन हलवू नये.

कारण आपल्या जिल्ह्यातील वाटा नद्यांच्या मर्जीवर आहेत. पंढरपुराहून सोलापूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. परंतु मोहोळवरून यावे तर लांबोटीजवळ सीना आडवी येते, मंगळवेढ्यावरून यावे तर आधी भीमा आणि मग तिऱ्ह्यापाशी पुन्हा सीनाच. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला अभूतपूर्व पूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग आणि दक्षिणेस विजयपूरचा महामार्ग, दोन्ही वाहतुकीस बंद झाले. अशा दिवशी सोलापुरातील मोठ्या रुग्णालयात खाट असूनही ती पंढरपूरच्या रुग्णास उपयोगाची नाही. त्याने सांगोल्यामार्गे मिरजेकडे पाहावे, आणि मिरजेशी तसा करार पावसाळ्यापूर्वीच झालेला असावा. प्रत्येक रुग्णालयाची दोन आश्रयस्थाने असावीत आणि त्या दोहोंच्या वाटा एकाच नदीवरून जाणाऱ्या नसाव्यात. रुग्णवाहिकेचा 108, जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि दोन्ही आश्रयस्थानांच्या अपघात विभागांचे थेट क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावेत. मोबाइलचे जाळे बंद पडेल हे गृहीत धरून पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेपर्यंत पोहोचणारा माणूस नेमून ठेवावा.

दुसऱ्या बाजूने, सोलापूर हे स्वतः बाहेरचे रुग्ण घेणारे ठिकाण आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा जखमींचे लोंढे येथील सिव्हिल हॉस्पिटलात आले. धाराशिव, लातूर आणि कर्नाटकाच्या सीमेवरील गावे आजही याच दारात येतात. घेणाऱ्याने फाटक एकच उघडावे, तेथे निर्णय करणारा ज्येष्ठ डॉक्टर एकच असावा, आणि आलेल्या प्रत्येकाची नोंद खाट मिळण्याआधी व्हावी. पाठविणाऱ्याची जबाबदारी याहून मोठी. रुग्णाच्या मनगटावर किंवा दंडावर पांढरी चिकटपट्टी लावून तीवर बॉलपेनने नाव, वय, व्याधी, न सोसणारे औषध, आप्ताचा दूरध्वनी आणि कोठून कोठे ही हकिकत लिहावी. पाण्याने शाई फुटू नये म्हणून वरून पारदर्शक पट्टी लावावी. केसपेपराची प्रत व तीन दिवसांची औषधे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी रुग्णाच्या अंगाला बांधावी, नातेवाइकाच्या हाती देऊ नये. नातेवाईक दुसऱ्या वाहनात चढतात. कोण कोणत्या वाहनाने गेला याची दुप्रत यादी करून एक प्रत मागे ठेवावी, नाहीतर दोन दिवसांनी मुलगा आईचा शोध घेत चार रुग्णालये हिंडतो.

सेवकवर्गाचीही घरे त्याच पुरात असतात, हे विसरून कोणतीही योजना टिकत नाही. मुक्कामास राहणारी तुकडी आणि नंतर तिला सोडविणारी तुकडी, अशा दोन तुकड्या आधी नेमाव्यात. मुक्कामी तुकडीतील परिचारिकांची लेकरे व वृद्ध कोठे राहतील, याची व्यवस्था रुग्णालयाने स्वतः करावी. घरची चिंता मिटलेली बाई तीन रात्री जागते. न मिटलेली पहिल्याच रात्री दाराकडे पाहत राहते, आणि त्यात तिचा काहीही दोष नाही.

ज्यांच्या घरीच कोणी अंथरुणावर आहे, ऑक्सिजनच्या यंत्रावर आहे, त्यांनी पावसाळ्याच्या आरंभी आपले नाव जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदवावे. इन्सुलिन, औषधे आणि जुने कागद यांची पिशवी खुंटीला टांगलेली असू द्यावी. वीज गेल्यास इन्सुलिन कोऱ्या मडक्यातील गारव्यात ओल्या फडक्याने वेढून ठेवावे. बर्फाला चिकटवून ठेवले तर ते निकामी होते.

परतण्याची घाई करू नये. पाणी उतरले तरी विजेच्या मिस्त्रीने प्रत्येक फलक उघडून पाहिल्याविना कळ दाबू नये, ऑक्सिजनच्या वाहिनीत गाळ शिरलेला नाही याचा लेखी निर्वाळा घ्यावा, पाण्याच्या टाक्या उपसून, क्लोरीन घालून, पुन्हा भराव्यात. आणि मग यादीची ती मागे ठेवलेली प्रत हाती घेऊन एकेका नावावर खूण करीत माणसे परत आणावीत. ज्यांची प्रकृती सुधारली पण घर वाहून गेले आहे, त्यांना रजेचा कागद देण्यापूर्वी तलाठ्याकडे विचारणा करावी की हे जाणार कोठे. आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांची खाट राखून ठेवावी.